न पुसलेली कुकी

सरांचं वाईट व्हावं असं मला वर्षभर वाटत होतं. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. राग येतो आणि जातो म्हणतात. माझा आला आणि मुक्कामाला राहिला. दात घासताना सर आठवायचे, स्कूटी सुरू करताना आठवायचे, आणि जेवताना आठवले की आई विचारायची, "भाजी खारट झाली का गं? तोंड असं का केलंस?"

सर म्हणजे माझे त्या वेळचे मालक. नारायणगावात बॅटरीच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. तिथे आम्ही आसपासच्या दुकानदारांना वेबसाइट बनवून द्यायचो. पुण्यात कोड लिहिण्याची नोकरी करून मला कंटाळा आला होता, म्हणून मी खोडदला घरी परतले आणि सरांकडे लागले. घरून निघायचं, रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्यांच्या बाजूच्या रस्त्याने यायचं, टोमॅटोच्या गाड्यांमधून वाट काढत माडीवर चढायचं. काम बरं होतं. सरांचा कोड बरा नव्हता.

सरांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बाजारपेठेतले शेठ. त्यांचं बियाणं-औषधांचं दुकान आणि येडगावच्या बाजूला रोपांची नर्सरी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान् पिढ्या इथलंच. शेठ शांत असले की आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात आणि चिडले की आमच्यापेक्षा अशुद्ध. त्यांना टोमॅटोच्या रोपांचं बुकिंग करायला साइट हवी होती. शेतकऱ्याने आपल्या पासवर्डने आत जायचं, जात निवडायची, ट्रे सांगायचे, तारीख धरायची. त्या तारखेला नर्सरीवर जाऊन रोपं उचलायची.

आता थोडं कुकीबद्दल सांगावं लागेल, कारण सगळं तिच्यावरून झालं. वेबसाइटला आपणहून कोणी लक्षात राहत नाही. तुम्ही पासवर्ड टाकून आत आलात की ती तुमच्या ब्राउझरकडे एक चिठ्ठी ठेवायला देते. तीच कुकी. पुढच्या प्रत्येक पानावर ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि साइट म्हणते, अच्छा, तुम्ही होय. बाहेर पडताना ती पुसायची असते. पण ब्राउझर शब्दाला धरून चालतो. कुकी देताना 'ही फक्त बुकिंगच्या पानांसाठी' असं सांगितलं असेल, तर पुसतानाही 'बुकिंगच्या पानांसाठीची ती' असंच सांगावं लागतं. नुसतं 'ती पूस' म्हटलं तर तो वेगळीच कुठली तरी शोधतो. सापडत नाही, मग गप्प बसतो. एररसुद्धा देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पुसली.

म्हणून हे सगळं एका फाइलमध्ये ठेवायचं असतं. कुकीचं नाव काय, ती कुठल्या पानांसाठी, किती वेळ राहणार, हे एकदाच लिहायचं. आणि ठेवणारं फंक्शन आणि पुसणारं फंक्शन, दोघांनी तिथूनच वाचायचं. सरांच्या कोडमध्ये जिथे गरज पडली तिथे कुकी ठेवली होती. एका फाइलमध्ये ती दिवसाची, दुसरीत वर्षाची. एकीकडे साऱ्या साइटसाठी, दुसरीकडे फक्त बुकिंगसाठी. मी सरांना म्हटलं, हे एके ठिकाणी आणते.

"चालतंय ना?" सर म्हणाले. "मग हात कशाला लावायचा? क्लायंटला झाडलोट दिसत नाही. त्याला नवीन बटण दाखव."

मी बटण दाखवलं. झाडलोट राहिली.

शेठच्या काउंटरवरचा कंप्युटर येणाऱ्या-जाणाऱ्याचा असतो. प्रत्येकाच्या खिशात चांगला फोन आहे, त्यावर तमाशाचे व्हिडिओ बघून होतात, पण रोपांचं बुकिंग फोनवर करायचं नाही. ते शेठच्या दुकानात, चहा घेऊन, यंदा कुठली जात टिकतेय आणि करपा कुणाच्या रानात शिरलाय, हे चार जणांना विचारूनच करायचं. एक उठला की त्याच गरम खुर्चीवर दुसरा बसतो. उठताना 'बाहेर पडा' हे बटण दाबायचं, हे मात्र शेठने सगळ्यांना पढवलं होतं आणि सगळे इमानाने दाबायचे.

त्या हंगामात आधी तात्या बसले. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. आमचं आणि त्यांचं रान एका बांधाला लागून. त्यांनी आपलं बुकिंग केलं, बटण दाबलं आणि औषधं बघायला मागच्या खोलीत गेले. मग माझे वडील बसले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. समोर साइटचं पहिलं पान होतं, म्हणजे तात्या बाहेर पडले होते. निदान तसं दिसत होतं. बाकीचे शेतकरी आधी 'लॉगिन' दाबायचे, त्यामुळे जुन्या कुकीवर त्यांची नवी कुकी बसायची आणि काही बिघडायचं नाही. दादांनी थेट 'बुकिंग करा' दाबलं. तात्यांची न पुसलेली कुकी तिथे होतीच. पासवर्ड न विचारता पान उघडलं आणि वरच्या कोपऱ्यात दिसलं, नमस्कार, आणि पुढे आमचं आडनाव.

नुसतं आडनाव. पूर्ण नाव कोपऱ्यात मावत नव्हतं आणि सरांना आडनाव सुटसुटीत वाटलं. त्यांच्या हिशेबाने एक आडनाव म्हणजे एक गिऱ्हाईक. आमच्याकडे एक आडनाव म्हणजे अख्खी वस्ती, तिच्यातली भावकी, बांध आणि दोन पिढ्यांचा अबोला. दादांनी आडनाव वाचलं आणि पुढे गेले. आत एक बुकिंग दिसलं, जात वेगळी, तारीख वेगळी. कोणीतरी चुकून भरलं असेल असं त्यांना वाटलं, असं मी तेव्हा धरून चालले; त्यांनी ते बदललं आणि आपली जात, आपली तारीख घातली.

दादांच्या तारखेला दादा नर्सरीवर गेले. तिथल्या माणसाने गाव आणि आडनाव विचारलं, यादीशी जुळलं, रोपं दिली. तात्या त्यांच्या तारखेला गेले तेव्हा त्याने सांगितलं, "तुमची रोपं गेली की, भाऊ. परवाच." तात्यांचे बेड तयार, मल्चिंगचा कागद अंथरलेला, ठिबक टाकून झालेलं. नर्सरीत शिल्लक काही नव्हतं. त्यांची लागवड मागे पडली, आणि मागे पडलेल्या टोमॅटोला भाव मिळत नाही हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

तात्या तिथून थेट दुकानात आले. दादा युरियाचं विचारत उभे होते. मीही सरांनी पाठवलं म्हणून तिथेच होते.

"चोर हायेस तू," तात्या म्हणाले. भरल्या दुकानात. "भावाची रोपं पळवलीस. आन् शेठ, ह्याला अवघड काय व्हतं? पोरगी कंप्युटरवाली. चावी घरातच हाय की ह्याच्या."

दादा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. ते माझ्याकडे एकदा बघून पायऱ्या उतरून गेले.

दादांचं वस्तीवर एक स्थान होतं. बांधाचं भांडण लागलं की दोन्हीकडचे त्यांना बोलवायचे. दादा मोजणीची दोरी धरायचे, आणि त्यांनी धरलेली दोरी दोघंही मानायचे. तात्यांच्या त्या बोलण्यानंतर कोणी बोलवेना. मुद्दाम टाळत होते असंही नाही. नुसतं बोलवेनात. चोराने धरलेल्या दोरीवर कोण विश्वास ठेवणार? दादांनी शेठच्या दुकानात जाणं सोडलं, खतसुद्धा दुसरीकडून आणायला लागले.

मला त्याच दुपारी कारण सापडलं. शोधायला फार वेळ लागला नाही. कुठे शोधायचं ते मला आधीच माहीत होतं. मी सरांना स्क्रीनवर दाखवलं. ही कुकी बुकिंगपुरती ठेवली, ही साऱ्या साइटसाठीची म्हणून पुसायला सांगितली, म्हणून पुसलीच गेली नाही. सरांनी मान डोलावली. त्यांना कळलं होतं. मग त्यांनी माझ्यादेखत शेठला फोन लावला आणि म्हणाले, "शेठजी, सिस्टीम एकदम ओके आहे. यूजरने दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये शिरून बदल केलेत."

मी बॅग उचलली आणि खाली उतरले. सर मागून म्हणाले, "पर्सनल घेऊ नकोस." माझ्या बापाला चोर ठरवून वर म्हणे पर्सनल घेऊ नकोस!

शेठकडे गेले. म्हटलं, दाखवते तुम्हाला. त्यांनी काउंटरवरचा कीबोर्ड हळूच आपल्याकडे ओढला. "ताई, सध्या तुम्ही ह्याला हात नका लावू. लोक बघतात." मी माझ्या फोनवर दाखवायला लागले, तर म्हणाले, तुमच्या फोनमध्ये तुम्ही काहीही दाखवाल. वाईट बोलले नाहीत, आवाजही चढवला नाही. तरी माझ्या रागाच्या यादीत ते सरांच्या खालोखाल बसले.

दादांनाही मी समजावलं. वहीच्या पानावर चौकोन काढून, बाण काढून, तासभर बोलले. दादा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बरं." तेवढंच.

मग मी घरूनच काम करायला लागले, पुण्यातल्या लोकांचं. आणि फावल्या वेळात सूड. काय काय मनात यायचं! शेठच्या दुकानातल्या त्या कंप्युटरवर कुणाच्याही उघड्या कुकीने आत जाता आलं असतं. दोन्ही तालुक्यांची बुकिंग उलटीपालटी करावीत, आंबेगावची रोपं जुन्नरला आणि जुन्नरची आंबेगावला पाठवावीत, आणि सरांचा फोन दिवसभर वाजत ठेवावा. मला जमलं असतं. केलं नाही, त्याचं कारण चांगुलपणा नव्हे. तसं केलं असतं तर तात्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि तात्यांना खरं ठरवायला मी तयार नव्हते.

पुढच्या हंगामात देव पावला, तोही सरांच्याच हातून. साइट ताजी दिसावी म्हणून सरांनी पहिल्या पानावरचं 'बुकिंग करा' हे बटण मोठं, हिरवंगार केलं आणि 'लॉगिन' कोपऱ्यात सारलं. झालं. दुकानात बसणारा प्रत्येक जण हिरवं बटण दाबायला लागला आणि आपल्याआधी बसलेल्याच्या घरात शिरायला लागला. मंचरकडचा एक शेतकरी स्वतः शेठच्या नावाने आत गेला आणि घाबरून खुर्चीवरून उठला. सर म्हणाले, यूजर एरर. पण सगळा बाजार एकदम यूजर एरर कसा करेल, एवढं शेठना कळत होतं.

त्यांचा फोन आला. "ताई, तुम्ही येऊन बघा. चूक झाली म्हणा आमच्याकडून."

"दुरुस्त करून देते," मी म्हटलं. "पण नवीन कोड मी तुमच्या काउंटरवरच चढवणार. सकाळच्या गर्दीत. आणि तिथे सर पाहिजेत, तात्या पाहिजेत."

"धंद्याच्या वेळेला?"

"दादांना चोर धंद्याच्याच वेळेला म्हटलं होतं, शेठ."

ते हो म्हणाले.

तो कोड मी जितक्या खुनशीपणाने लिहिला तितका कुठलाच लिहिला नाही. सरांच्या प्रत्येक फाइलमध्ये घुसून कुकीची ओळ उपटली. रानातली हराळी काढतात तशी, मुळासकट, परत फुटायला नको म्हणून. प्रत्येक ओळ उपटताना एक शिवी. मग एकच फाइल केली. कुकीचं नाव एकदा, ती कुठल्या पानांसाठी ते एकदा, मुदत एकदा. पानावरच्या दुसऱ्या कुठल्याही कोडला ती वाचता येणार नाही, कुलूप नसलेल्या जोडणीवरून ती पाठवली जाणार नाही, परक्या साइटवरून मागितली तर मिळणार नाही, हेही तिथेच. ठेवणारं फंक्शन एक, पुसणारं एक, आणि दोघांना बाकी कुठून काही घ्यायची मुभा नाही. बाहेर पडताना साइटकडची आतली नोंदही मोडायची, म्हणजे कुकी कुठे राहिलीच तरी ती मेलेली असेल. शेवटी एक चाचणी लिहिली: आत जा, बाहेर पड, 'बुकिंग करा' दाब, पासवर्ड विचारलाच पाहिजे. आणि कोपऱ्यात पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मावत नसेल तर कोपरा मोठा करा.

मग मी सगळं परत वाचलं. इतकं स्वच्छ होतं की मलाच बरं वाटलं. रागाने माणूस घाण करतो म्हणतात, पण मी इतकं निर्मळ काम रागातच केलं.

दादांना म्हटलं, चला दुकानात. ते म्हणाले, "मला न्हाई यायचं." खूप विनवलं. नाही आले.

दुकान भरलेलं होतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, हसत होते. तात्या दाराशी हात मागे बांधून उभे. साइट अजून जुनीच होती, मुद्दाम. मी तात्यांना म्हटलं, "तात्या, बसा. तुमच्या पासवर्डनं आत जा. मग बाहेर पडा दाबा आणि उठा."

तात्यांनी एका बोटाने सगळं केलं आणि उठले. पहिलं पान आलं.

"सर, आता तुम्ही बसा. बुकिंग करा दाबा."

सरांचं हसू तिथल्या तिथे आटलं. "हे लाइव्ह साइटवर नको. ऑफिसात बसून बोलू आपण."

"दाबा हो, सर," शेठ म्हणाले.

सरांनी दाबलं. वर आलं, नमस्कार, आणि आमचं आडनाव. सरांचं आडनाव काय आहे ते दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

"आत कसे गेलात, सर?" मी विचारलं. "पासवर्ड चोरलात का तात्यांचा?"

कोणीतरी मागून हसलं. "आयला, सर बी आमच्या भावकीत आले, राव!"

"टेक्निकल ग्लिच आहे," सर म्हणाले.

"मराठीत सांगा. इथं सगळे मराठीवाले आहेत."

सरांनी शेठकडे बघितलं. शेठ वजनकाट्याकडे बघत होते. "बाहेर पडल्यावर कुकी पुसली जात नव्हती," सर म्हणाले. "मागचा माणूस आतच राहायचा. पुढच्याचा दोष नाही. चूक आमची."

"आमची म्हणजे कुणाची?"

मी वाट बघितली. दुकानात कोणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"माझी," सर म्हणाले.

काय सांगू किती बरं वाटलं! वर्षभराची भूक त्या एका शब्दाने भागली. मग मी नवा कोड चढवला आणि तेच सगळं परत करायला लावलं. या वेळी हिरवं बटण दाबल्यावर पासवर्ड विचारला. सर उठले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ ओली होती, आणि मी ती डोळे भरून बघून घेतली. तात्यांनी मात्र माझ्याकडे बघितलंही नाही. मशीनची चूक व्हती म्हणायची, असं कुणालातरी म्हणत निघून गेले.

मी स्कूटी पळवत घरी आले. दादा रानात टोमॅटोला सुतळी बांधत होते. मी बांधावरूनच सुरुवात केली. सर कसे आले, कसे बसले, कसं आडनाव आलं, तीनदा विचारल्यावर कसे 'माझी' म्हणाले. दादांनी हातातली सुतळी खाली टाकली.

"म्हंजी," ते म्हणाले, "तू न्हाई केलं व्हतंस?"

मला कळेना. "काय?"

"ते पान आपसूक उघडलं ना. मला वाटलं, तूच काहीतरी करून ठेवलंय माझ्यासाठी. तात्याच्या आधी मला मिळावं म्हनून." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आन् मग तू एवढं बान काढून काढून समजावलंस. मला वाटलं, पोर घाबरलीय, लपवतीय. म्हनून म्या गप बसलो. मला म्हनाले चोर तर म्हनूदे, पन तुझं नाव निघायला नको."

मी काही बोलायच्या आत दादा निघाले. चपलासुद्धा घातल्या नाहीत. बांध ओलांडून तात्यांच्या ओट्यापाशी गेले. तात्या नुकतेच बाजारातून येऊन पाणी पीत बसले होते. बांधावरच्या भांडणात आजवर ज्यांचा आवाज कधी चढला नाही, ते दादा ओरडत होते. अख्ख्या वस्तीला ऐकू गेलं.

"मला चोर म्हनालास, म्या गिळलं! पन माझ्या पोरीला म्हनालास तू! भर दुकानात! तिनं काय केलं व्हतं तुझं?"

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. "गिळलंस कशापायी?" ते म्हणाले. "खरं नव्हतं तर तवाच बोलायचं व्हतंस. तुलाबी तसंच वाटलं व्हतं ना?"

दादा थांबले. मी मागे बांधावर उभी आहे हे त्यांना माहीत होतं.

"व्हय," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटलं. त्याचाच तर राग आलाय मला."

आणि ते तिथेच, तात्यांच्या ओट्यावर, तात्यांच्या शेजारी खाली बसले. मी बांधावरून हलले नाही. सर माझ्या डोक्यातून पार उतरले होते. आता मला दादांचा राग आला होता, सरांचा कधी आला नव्हता इतका, आणि त्यांना मी कुठल्या खुर्चीवर बसवणार होते?